टेस्ला इथे साठ लाखांची का होते? इलेक्ट्रिक गाडीवरची ड्युटी, सबसिडी आणि आपला पैसा

१५ जुलै २०२५ ला बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं आणि मॉडेल वायची किंमत कळली, ५९ लाख ८९ हजार, तेही एक्स-शोरूम. तेव्हापासून आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात डबा खाताना, लोकलमध्ये, सगळीकडे एकच प्रश्न ऐकतेय की अमेरिकेत हीच गाडी ४४,९९० डॉलरला मिळते, म्हणजे साडेअडतीस लाखांच्या आसपास, मग मधले वीस-एकवीस लाख जातात कुठे? बरं, इथे विकली जाणारी गाडी अमेरिकेतून येतच नाही, ती शांघायच्या कारखान्यातून येते, आणि चीनमध्ये तिची किंमत अमेरिकेपेक्षाही कमी आहे. भारतातली पहिली मॉडेल वाय राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली, ते आपल्या ओवळा-माजिवड्याचे आमदार, त्यामुळे ठाण्यात तर या विषयाची चर्चा जरा जास्तच झाली.

माझं काम क्लिअरिंगचं आहे. न्हावा शेवा बंदरात येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा फॉर्म, भरायची, कोड तपासायचा, ड्युटी किती बसते त्याचा हिशोब पार्टीला द्यायचा, हेच रोजचं. त्यामुळे हे सगळं एकदा नीट, साध्या शब्दात लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण लोक ड्युटीबद्दल बोलतात तेव्हा सबसिडी विसरतात आणि सबसिडीबद्दल बोलतात तेव्हा ड्युटी विसरतात, आणि मला वाटतं या दोन्ही एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. ड्युटीमुळे बाहेरची गाडी महाग होते, सबसिडीमुळे आपली स्वस्त होते. ड्युटीचे पैसे गाडी घेणारा भरतो, सबसिडीचे पैसे आपण सगळे भरतो, ज्यांनी आयुष्यात कधी गाडी घेतली नाही ते पण. आणि या सगळ्या पैशात सरकार एकच गोष्ट विकत घेत असतं, ती म्हणजे वेळ, इथल्या कारखान्यांना शिकायला लागणारा वेळ. म्हणून ड्युटी किती टक्के आहे यापेक्षा त्या मिळालेल्या वेळात काय झालं, हे विचारायला हवं.

आधी ड्युटी. परदेशातून तयार गाडी आली की कस्टमच्या पुस्तकात ती ८७०३ नंबराखाली येते, फक्त बॅटरीवर चालणारी असेल तर ८७०३ ८०. मग बघायची तिची सीआयएफ किंमत, म्हणजे गाडीची किंमत, अधिक जहाजाचं भाडं, अधिक विमा, असं सगळं मिळून इथल्या बंदरात उतरेपर्यंत ती केवढ्याला पडली. ही किंमत ४० हजार डॉलरच्या आत असेल तर एकूण ड्युटी ७० टक्के, आणि त्याच्या वर गेली की ११० टक्के. २०२५ च्या बजेटमध्ये महागड्या गाड्यांची बेसिक ड्युटी १०० वरून ७० केली अशा मोठ्या बातम्या आल्या होत्या, पण त्याच वेळी त्यावर ४० टक्के कृषी सेस लावला, त्यामुळे बेरीज होती तिथेच राहिली, ११०. बातमी वाचून लोकांनी आम्हाला फोन केले होते की आता गाड्या स्वस्त होणार ना, तर नाही, फक्त पैसा कुठल्या खात्यात जमा होतो ते बदललं.

एक उदाहरण घेऊ. हे आकडे टेस्लाच्या इन्व्हॉइसमधले नाहीत, समजायला सोपे म्हणून मी घेतलेत. समजा गाडी बंदरात ३० लाखांना पडली. त्यावर ७० टक्के म्हणजे २१ लाख ड्युटी, झाले ५१ लाख. आता जीएसटी लागतो तो ३० वर नाही तर ५१ वर, म्हणजे ड्युटीवर सुद्धा टॅक्स, इलेक्ट्रिकला ५ टक्के म्हणून अडीच लाखांच्या थोडं वर, झाले साडेत्रेपन्न लाख. अजून यात कंपनीचा इथला खर्च नाही, वाहतूक नाही, शोरूमचं भाडं नाही, नफा नाही. ते धरलं की साठला पोचतोच आपण.

आता हीच गाडी ३० ऐवजी ३६ लाखांना पडली असं धरा, म्हणजे ४० हजार डॉलरची रेषा ओलांडली. ड्युटी ११० टक्के, ३९ लाख ६० हजार. बेरीज ७५ लाख ६०, त्यावर जीएसटी धरून ७९ लाखांच्या वर. गाडी बंदरात सहा लाखांनीच महाग होती पण बाहेर पडताना जवळपास २६ लाखांनी महाग झाली. म्हणून कंपन्या कुठलं मॉडेल भारतात आणायचं ते ठरवताना ही रेषा आधी बघतात, गाडीत काय फीचर द्यायचे ते नंतर.

तर मधले वीस लाख प्रामुख्याने केंद्र सरकारच्या तिजोरीत जातात. टाटा-महिंद्राच्या खिशात थेट काही जात नाही, पण त्यांना फायदा होतो तो असा की चाळीस-पन्नास लाखांच्या खाली बाहेरून थेट आलेली इलेक्ट्रिक गाडी त्यांच्या समोर उभीच राहू शकत नाही.

आता कंपनीला दुसरा रस्ता आहे. तयार गाडी आणायची नाही, सुटे भाग आणायचे आणि इथे जोडायचे. याला सीकेडी म्हणतात. बॅटरी पॅक, मोटर वगैरे आधीच जोडलेले नसतील, खरंच सुटे असतील तर ड्युटी १५ टक्क्यांवर येते. कुठे ७० आणि ११०, कुठे १५! मर्सिडीजने २०२२ मध्ये ईक्यूएस ५८० चाकणला जोडायला सुरुवात केली आणि ती १ कोटी ५५ लाखांना आणली, त्याच्या महिनाभर आधी त्याच गाडीचं एएमजी मॉडेल तयार आणलं होतं ते २ कोटी ४५ लाखांना. दोन्ही गाड्या एकसारख्या नाहीत, एएमजी जास्त ताकदीची आहे हे मान्य, पण ९० लाखांचा फरक नुसत्या ताकदीचा नाही. इतका फरक ठेवण्यामागे सरकारचा हेतू सरळ आहे, विकायचं असेल तर इथे येऊन निदान जोडा तरी, चार लोकांना काम द्या.

मार्च २०२४ मध्ये सरकारने अजून एक दार उघडलं. जी कंपनी इथे किमान ४,१५० कोटी गुंतवेल, तीन वर्षांत कारखाना चालू करेल, तीन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्के काम देशात करून दाखवेल, तिला ३५ हजार डॉलरच्या वरच्या वर्षाला ८ हजारपर्यंत गाड्या फक्त १५ टक्के ड्युटीवर आणायला परवानगी. सगळे म्हणत होते ही स्कीम टेस्लासाठीच केलीय. पण जून २०२५ मध्ये अवजड उद्योग मंत्री कुमारस्वामी यांनीच सांगितलं की टेस्लाला इथे गाड्या बनवण्यात रस नाही, त्यांना फक्त शोरूम उघडायची आहेत. व्हिएतनामच्या विनफास्टने मात्र तमिळनाडूत थूतुकुडीला ऑगस्ट २०२५ मध्ये कारखाना सुरू केला. मला ही स्कीम पटते, कारण यात सवलत आहे पण तिला मुदत आहे, आकडा आहे आणि बदल्यात काय करायचं ते लिहून घेतलंय.

आता चीनकडे वळू, कारण जगात जी काही टॅरिफची, म्हणजे आयात ड्युटीची, मारामारी चाललीय ती त्यांच्यामुळेच आहे.

चीनने इलेक्ट्रिक गाड्यांना सरकारी पैसा द्यायला २००९ पासून सुरुवात केली. आधी निवडक शहरांत बस आणि टॅक्सी, मग खाजगी गाड्या. अमेरिकेतल्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेने हिशोब काढलाय की २००९ ते २०२३ मध्ये तिथल्या सरकारने या उद्योगाला वेगवेगळ्या मार्गाने साधारण २३० अब्ज डॉलर दिले. आपल्या फेम-२ या केंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या सबसिडी योजनेची रक्कम साडेअकरा हजार कोटी रुपये होती, म्हणजे दीड अब्ज डॉलरपेक्षा कमी, त्यावरून अंदाज बांधा. पण पैसा जास्त होता एवढंच कारण नाही. त्यांनी सुरुवात बॅटरीपासून केली. बीवायडी ही कंपनीच मुळात १९९५ साली बॅटरी बनवायला निघाली होती, गाड्यांत ती २००३ मध्ये आली. लिथियम शुद्ध करणं, सेल बनवणं, मोटरचे मॅग्नेट, सगळी साखळी घरात आणली. टेस्लाला शांघायमध्ये स्थानिक भागीदार न घेता स्वतःचा कारखाना टाकू दिला, २०१९ च्या शेवटी तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि त्या स्पर्धेत घरच्या कंपन्यांना सुधारावंच लागलं. गाडी घेणाऱ्याला मिळणारी केंद्राची सबसिडी २०२२ च्या शेवटी बंद केली. याचा अर्थ तिथे सगळं सुरळीत झालं असं नाही, २०१६ मध्ये त्यांच्याच अर्थ मंत्रालयाने सबसिडी लाटणाऱ्या कंपन्या पकडल्या होत्या, ज्यांनी न बनवलेल्या बसवर पण पैसे उचलले होते. तरी शेवटी हातात एक उद्योग उभा राहिला, आणि तो एवढा मोठा झाला की त्यांच्या स्वतःच्या बाजारात मावेना.

मग त्या गाड्या बाहेर निघाल्या आणि बाकीचे देश घाबरले. का घाबरले ते बघा. समजा नौपाड्यात गोखले रोडवर एक नवीन फरसाणवाला आला, चकली चांगली आहे, ताजी आहे, पण भाव शेजारच्यापेक्षा निम्मा. गिऱ्हाईक खुश. पण त्याच्या गाळ्याचं भाडं, तेलाचं बिल आणि कामगारांचा पगार त्याचा मामा भरतोय. शेजारचा दुकानदार कितीही चांगली चकली करू दे, तो त्या मामाशी स्पर्धा करू शकत नाही. वर्षभरात तो बंद पडला तर पुढे भाव कोण ठरवणार? युरोपने नेमका हाच प्रश्न विचारला, की तुमचा मामा किती देतो ते सांगा, तेवढीच रक्कम आम्ही तुमच्या मालावर ड्युटी म्हणून लावू. याला काउंटरव्हेलिंग ड्युटी म्हणतात.

२०२३ मध्ये त्यांनी चौकशी सुरू केली, कंपन्यांकडून कागद मागितले, आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी दर लागू केले, प्रत्येक कंपनीला वेगळा. बीवायडीला १७ टक्के, जीलीला १८.८, सैकला ३५.३, कारण सैकने चौकशीला हवं तसं सहकार्य केलं नाही असं युरोपचं म्हणणं. आणि शांघायमध्ये बनलेल्या टेस्लाला ७.८, म्हणजे कंपनी अमेरिकन असली तरी सबसिडी चीनची मिळाली ना, मग ड्युटी लागणार. हे सगळं आधीच्या १० टक्क्यांच्या वर. सैक म्हणजे कोण, तर एमजीचे मालक. आपल्याकडे रस्त्यावर एवढ्या विंडसर दिसतात त्या जेएसडब्ल्यू एमजीच्या, यात सैकची भागीदारी आहे, पण गाडी गुजरातमध्ये हालोलला बनते, म्हणून तिला तयार गाडीची ड्युटी लागत नाही.

अमेरिकेने एवढा हिशोब केलाच नाही. मे २०२४ मध्ये बायडेन सरकारने जाहीर केलं आणि सप्टेंबरपासून चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरची ड्युटी २५ वरून सरळ १०० टक्के झाली. कॅनडाने लगेच ऑक्टोबरमध्ये तेच केलं. आणि एकीकडे ही भिंत बांधताना दुसरीकडे २०२२ च्या कायद्याने स्वतःच्या गिऱ्हाइकाला गाडीमागे ७,५०० डॉलरपर्यंत टॅक्समध्ये सूट देत होते. ती सूट नंतर ट्रम्प सरकारने ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. म्हणजे ज्या कंपन्यांनी दहा वर्षांचा हिशोब धरून बॅटरीचे कारखाने टाकले त्यांना तीन वर्षांत नियम बदललेले दिसले. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते, सबसिडी कमी असली तरी चालेल पण ती कधी संपणार हे आधी माहीत पाहिजे, कारखाना काही सहा महिन्यांत उभा राहत नाही आणि सहा महिन्यांत हलवता पण येत नाही.

आता आपल्याकडची सबसिडी. इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे की इलेक्ट्रिक कार घेतली की केंद्र सरकार पैसे देतं. खाजगी कारला देत नाही. फेम-२ एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ चालली, त्यात दुचाकी, रिक्षा, बस आणि टॅक्सीसारख्या व्यावसायिक कार होत्या, तुमची-आमची घरची कार नव्हती. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली, १०,९०० कोटींची, त्यात तर कारच नाहीत. इलेक्ट्रिक गाडीच्या लोनच्या व्याजावर दीड लाखापर्यंत इन्कम टॅक्सची सूट होती, ती पण ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच.

स्कूटरवाल्यांना मात्र मिळत होतं आणि त्यांनी चढउतार पण बघितले. जून २०२१ मध्ये बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-अवरला (म्हणजे एक युनिट वीज साठवायच्या क्षमतेला) १५ हजार रुपये, किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत. जून २०२३ मध्ये ते १० हजारावर आणि १५ टक्क्यांवर आणलं. पीएम ई-ड्राइव्हमध्ये आधी ५ हजार आणि मग अडीच हजार. या दरम्यान एक प्रकरण झालं, काही कंपन्यांनी भाग बाहेरून आणले आणि कागदावर देशी दाखवून सबसिडी घेतली, तेव्हा सरकारने २०२३ मध्ये सात कंपन्यांकडून ४६९ कोटी परत मागितले. आमच्या कामात रोज बघते मी हे, कागदावरचा 'मेड इन' आणि खोक्यातला माल यात फरक असू शकतो, आणि तो शोधणारा माणूस नसेल तर सबसिडी नुसती वाटली जाते, शिकत कोणीच नाही.

मग कारवाल्याला काहीच नाही का? आहे, भरपूर आहे, फक्त ते 'सबसिडी' या नावाने दिसत नाही. घोडबंदर रोडच्या कुठल्याही शोरूममध्ये जाऊन पेट्रोल आणि इलेक्ट्रिक दोन्हीचं कोटेशन मागा आणि शेजारी-शेजारी ठेवून वाचा. पहिली ओळ एक्स-शोरूम. तिच्या पोटात जीएसटी असतो, इलेक्ट्रिकला ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ नंतर छोट्या पेट्रोल गाडीला १८ आणि मोठीला ४०. समजा टॅक्सच्या आधीची किंमत १२ लाख आहे, तर इलेक्ट्रिकवर ६० हजार, छोट्या पेट्रोलवर २ लाख १६ हजार, मोठ्या पेट्रोलवर ४ लाख ८० हजार. खाली आलात की आरटीओ टॅक्सची ओळ. महाराष्ट्रात पेट्रोल कारला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के, म्हणजे १५ लाखांच्या गाडीला १ लाख ८० हजार, आणि इलेक्ट्रिकच्या कागदावर त्याच ओळीत शून्य. हे दोन्ही धरले की तीन-साडेतीन लाख आणि मोठ्या गाडीशी तुलना केली तर सहा लाखांच्या वर सरकारने सोडून दिले. चेक हातात आला नाही म्हणून ती सबसिडी नाही असं नसतं.

आणि टोल. राज्याचं नवीन ईव्ही धोरण एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालं, मार्च २०३० पर्यंत आहे, त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कार आणि बसला टोलमाफी. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. चिर्ल्याहून अटल सेतूने रोज दक्षिण मुंबईत गाडीने जाणारा माणूस घ्या, जाऊन-येऊन ३७५ रुपये टोल, महिन्याचे वीस दिवस धरले तर साडेसात हजार, वर्षाचे ९० हजार. पाच वर्षांत साडेचार लाख! आपल्या भागातल्या माणसाला दिल्लीच्या कुठल्याही योजनेपेक्षा हा टोल जास्त महत्त्वाचा आहे, असं मला वाटतं.

पण इथे एक गोष्ट मला खटकते आणि ती मी लिहिणारच. मार्च २०२५ च्या राज्याच्या बजेटमध्ये ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के टॅक्स लावायचा प्रस्ताव होता, नंतर मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. म्हणजे साठ लाखांची गाडी घेणाऱ्याला आरटीओ टॅक्स शून्य आणि अटल सेतूचा टोल पण शून्य. त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीवर १३ टक्क्यांनी पावणेआठ लाखांच्या वर टॅक्स झाला असता. साठ लाखांची गाडी घेणारा माणूस पावणेआठ लाखांसाठी थांबणार होता असं मला वाटत नाही, तो ती गाडी घेणारच होता. हाच पैसा जिथे खरंच फरक पडतो तिथे जायला हवा.

फरक कुठे पडतो ते विचाराल तर मी बस म्हणेन. ठाण्याची टीएमटी आणि नवी मुंबईची एनएमएमटी, दोघांकडे इलेक्ट्रिक बस आहेत, ठाणे स्टेशनबाहेर किंवा वाशीला उभे राहा, दिसतील. इलेक्ट्रिक बस डिझेलच्या बसपेक्षा घ्यायला खूप महाग पण चालवायला खूप स्वस्त, त्यामुळे अडचण फक्त सुरुवातीच्या पैशाची. फेम-२ मध्ये बसला बॅटरीच्या किलोवॅट-अवरमागे २० हजार रुपये मिळायचे, मोठ्या बसला ५५ लाखांपर्यंत. बस बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीची असते आणि पालिकेची परिवहन सेवा तिला किलोमीटरमागे ठरलेले पैसे देते. एक बस दिवसभर फिरते, घरची कार बावीस तास पार्किंगमध्ये उभी असते. सरकारने बॅटरीवर पैसा घालायचा असेल तर जी बॅटरी दिवसभर काम करते आणि शेकडो लोकांना नेते तिच्यावर घालावा, इतकं साधं आहे हे. पीएम ई-ड्राइव्हमध्ये १४,०२८ बससाठी ४,३९१ कोटी ठेवलेत, त्या योजनेतला मला सगळ्यात पटलेला भाग तोच.

आता परत त्या वेळेकडे येते. ड्युटी लावून आणि सबसिडी देऊन आपण जो वेळ घेतला त्यात आपण शिकलो काय? गाडी बनवायला शिकलो, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. टाटाची नेक्सॉन, टियागो, महिंद्राची चाकणला बनणारी बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, या गाड्यांची दहा वर्षांपूर्वी कोणी कल्पना केली नव्हती. २०२१ च्या २५,९३८ कोटींच्या पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणाऱ्या, योजनेत तर अटच आहे की निम्मं मूल्य देशात तयार झालं पाहिजे तरच पैसे. पण गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जी बॅटरी खाते तिचे सेल अजून बाहेरूनच येतात, मुख्यतः चीनमधून. महिंद्राच्या त्या दोन्ही गाड्यांत सेल बीवायडीचे आहेत. म्हणजे बीवायडीची तयार गाडी आपण ड्युटीने अडवली, २०२३ मध्ये त्यांनी एका भारतीय कंपनीबरोबर एक अब्ज डॉलरचा कारखाना टाकायचा प्रस्ताव दिला तो पण सरकारने नाकारला असं बातम्यांमध्ये आलं, पण त्यांचा सेल मात्र कंटेनरमधून येतोच. सेल बनवायला २०२१ मध्ये १८,१०० कोटींची वेगळी योजना आणली, ५० गिगावॅट-अवर क्षमता उभी करायची होती, तिथे आपण ठरलेल्या वेळेच्या बरेच मागे आहोत. आणि सेलवर जास्त ड्युटी लावा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की इथे सेल पुरेसे बनत नसताना ड्युटी वाढवली तर त्याची झळ चिनी कंपनीला नाही, चाकण आणि पुढे आपल्यालाच बसणार.

एप्रिल २०२५ मध्ये याची चुणूक दिसली. चीनने रेअर अर्थ (दुर्मिळ धातूंचे) मॅग्नेट बाहेर पाठवायला परवाना सक्तीचा केला. हे मॅग्नेट आकाराने लहान पण त्यांच्याशिवाय बहुतेक इलेक्ट्रिक मोटर बनत नाहीत. माल अडकला, कंपन्यांनी उत्पादन कमी करावं लागेल म्हणून जाहीर इशारे दिले. त्या महिन्यांत आमच्याकडे पार्ट्या रोज विचारायच्या की अमुक मोटरमध्ये मॅग्नेट आहे ते वेगळं डिक्लेअर करायचं का, तयार मोटरच मागवली तर चालेल का. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात मॅग्नेट बनवायला ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. चांगलं केलं, पण हे २०१५ ला, फेमचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हाच व्हायला हवं होतं.

यात अजून एक गुंता आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली, की तुमच्या या पीएलआय योजनांत देशी माल वापरला तरच पैसे अशी अट आहे, ती नियमात बसत नाही. नियम असा आहे की उद्योगाला मदत करा पण 'बाहेरचा माल वापरू नका' अशी अट घालून करू नका. २३० अब्ज डॉलर ओतून मोठं झालेल्या देशाने ही तक्रार करावी याचा मला राग येतो, खरं सांगते, पण राग वेगळा आणि नियम वेगळा, आणि आपल्या योजनांचे कागद त्या नियमांत टिकतील असे लिहायला हवेत.

या सगळ्यात वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या छोट्या वर्कशॉपचं कोणी बोलत नाही. इंजिनचे भाग, गॅस्केट, सायलेन्सर, फ्युएलच्या लाइनी यावर ज्यांचं पोट आहे त्यांना इलेक्ट्रिक गाडीत जवळजवळ जागाच नाही, कारण त्या गाडीत हे भागच नाहीत. सबसिडीचा मोठा पैसा मोठ्या कंपन्यांना जातो, पीएलआयमध्ये बसायला उलाढालीची अटच एवढी मोठी आहे. वीस कामगारांच्या युनिटला नवीन मशीन घ्यायला, मोटरचं केसिंग किंवा चार्जरचे भाग बनवायला शिकायला जो वेळ आणि पैसा लागतो त्याची सोय यात कमी आहे.

शेवटी जो प्रश्न सगळे विचारतात तो, बाहेरच्या गाड्यांवरची ड्युटी कमी होणार म्हणून आत्ता थांबू का? तुमचं बजेट पंधरा-वीस लाख असेल तर अजिबात नाही. इंग्लंडबरोबर जुलै २०२५ मध्ये जो करार झाला त्यात पेट्रोल-डिझेल गाड्यांना ठरलेल्या कोट्यात ड्युटी कमी होणार आहे, पण इलेक्ट्रिकला पहिली पाच वर्षं काही नाही आणि नंतरही ४० हजार पाउंडांच्या वरच्या गाड्यांनाच, म्हणजे पंचेचाळीस लाखांच्या आसपास आणि पुढे. तुमच्या बजेटची गाडी इथेच बनते, तिच्या किमतीत तयार गाडीची ड्युटी नाहीच. तिची किंमत ठरते ५ टक्के जीएसटीवर, आरटीओच्या त्या शून्यावर आणि सेलच्या भावावर. राज्याच्या धोरणात ठराविक संख्येपर्यंतच्या गाड्यांना किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन रक्कम पण आहे, ती तुमच्या मॉडेलला आहे का आणि कोटेशनमध्ये वजा करून दाखवलीय का ते बुकिंगच्या आधी लेखी घ्या. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्या नावावर आधीच घेतलेला इन्कम टॅक्स, लागतो, तो रिटर्न भरताना परत मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो, तो खर्च धरू नका. आणि अटल सेतूने जाणार असाल तर फास्टॅग गाडीच्या नंबरशी नीट जोडलेला आहे का, वाहन पोर्टलवर इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक आलंय का, हे नंबर आल्याच्या पहिल्या आठवड्यातच बघून घ्या.